खडू द्या, जाऊन कॉफी प्या

रुक्मिणीबाई, आधी एक सांगा. दार लावून आत काय करत होतात?

गेलेल्या माणसाला पहिलाच प्रश्न असा विचारू नये, एवढं मला कळतं. शोकसभेत सगळ्यांनी तुमच्या शिस्तीबद्दल, मायेबद्दल, तुमच्या इस्त्रीच्या सुती साड्यांबद्दल बोलून घेतलं. सेक्रेटरी सर तर बोलता बोलता रडले. त्यांचं रडणं खरं होतं की काय, याचाही मी थोडा वेळ विचार केला, आता तुम्हाला माझा स्वभाव माहीतच आहे. मी मात्र मागच्या खुर्चीत बसून एकच गोष्ट घोकत होते, की बाई उत्तर न देताच गेल्या. ‘नंतर सांगतें’ म्हणाल्या आणि चालत्या झाल्या. ही काय रीत झाली?

मी सोलापूरची. नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून चेन्नईत आले तेव्हा तमिळचं अक्षर येत नव्हतं. वेस्ट मांबलमच्या तुमच्या शाळेत गणिताची जागा आहे असं कळलं, तर मुलाखतीला आले. तुम्ही हेडमिस्ट्रेस. समोर बसलेल्या, केसांत मोगरा, कपाळावर ठसठशीत कुंकू, शिपायाशी खणखणीत तमिळ. माझ्या अर्जावरचं नाव वाचलंत आणि एकदम म्हणालात, “मराठी कीं? बसा, अम्मा, बसा.” मी दचकलेच. मला वाटलं, ह्या बाई कुठून तरी चार शब्द शिकून आल्यात आणि माझी गंमत करताहेत. मग तुम्ही सांगितलंत की आम्ही तंजावरचे, राजांच्या मागून आलेले, घरात अजून हेंच बोलतों. तरी माझा विश्वास बसला नाही. घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, बाई काहीतरी वेगळ्याच आहेत, एवढ्या गोड का बोलल्या कुणास ठाऊक.

तेव्हापासून आपलं भांडण सुरू. मी म्हणायचे, तुमची मराठी जुन्या पेटीतून काढल्यासारखी आहे. तुम्ही म्हणायचात, “तुमचींच बिघडली, अम्मा. आमचीं बेस आहे.” मी म्हणायचे आमटीत गूळ हवा, तुम्ही म्हणायचात गूळ घालून चिंचेचा अपमान करतांत. स्टाफरूममध्ये मात्र वेगळंच शिजत होतं. समाजशास्त्राच्या वसंता टीचरनं मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, “तुम्ही दोघी त्या भाषेत काय बोलता? आमच्याबद्दल सांगतेस ना त्यांना?” अहो, तिला काय सांगू, चिंच आणि गूळ? ती शेवटपर्यंत मला तुमची हेर समजत होती. आणि मी तुम्हाला.

कारण तो खडू.

आपल्या शाळेत जून महिना म्हणजे नवं पातळ नेसल्यासारखा असतो. सगळे ताठ चालतात, फळे नवे, वह्यांना कव्हरं, टीचर लोक रंगीत कागदाचे तक्ते करून भिंती भरून टाकतात. सप्टेंबरच्या परीक्षेपर्यंत ते टिकतं. मग पाऊस लागतो, इकडचा पाऊस ऑक्टोबरातला. आज सुट्टी, उद्या सुट्टी, परवा सकाळी सकाळी टीव्हीवर बातमी की शाळा आहे, आणि बुडालेले दिवस भरून काढायला शनिवार. दिवाळी येते आणि जाते. सहामाही परीक्षा डोक्यावर, पोर्शन अर्धवट, मुलं खोकताहेत, तक्ते भिंतीवरून सुटून लोंबताहेत आणि ते पुन्हा चिकटवायची कुणाला इच्छा नाही. स्टाफरूममध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. एप्रिल इतका लांब की तो येईल असं वाटत नाही. त्या दिवसांत तुम्ही सुरू करायचात.

मी वर्गात गणित मांडत असायचे. दारात तुम्ही. उजवा हात पुढे, तळवा वर. “खडू द्या, अम्मा. जाऊन कॉफी प्या.” आधी सांगणं नाही, कुणाची पाळी कधी ते ठरलेलं नाही. रोज एकाच कुणाचा तरी तास. दिवाळीनंतर सुरू व्हायचं ते पोंगलच्या सुट्टीपर्यंत. पोंगल झाला की बंद, ते थेट पुढच्या वर्षी.

पहिल्यांदा तुम्ही खडू मागितलात तेव्हा मी घाबरलेच. मला वाटलं, झालं, माझ्याबद्दल तक्रार आली. खडू दिला, बाहेर आले, तर तुम्ही आतून दार लावून घेतलंत! खिडक्यासुद्धा. आता मला सांगा, ज्या बाईच्या मनात काही नाही ती दार कशाला लावेल? कॉफी कसली पितेय मी. व्हरांड्यातल्या खांबामागे उभी राहिले, कान टवकारून. आतून मुलांच्या हसण्याचा लोट आला. एवढं हसायला माझ्या गणितात काय होतं? घंटा झाल्यावर तुम्ही बाहेर आलात, खडू माझ्या हातावर ठेवलात आणि “बेस वर्ग” म्हणून निघून गेलात. मी आत गेले आणि मुलांना विचारलं, मॅडमनी काय विचारलं रे? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “सुम्मा, मिस.”

सुम्मा. म्हणजे काही नाही, असंच, उगीच. ह्या गावात कुणाला काही लपवायचं असलं की हा शब्द. मी एकेकाला वेगळं गाठून विचारलं. दमदाटी करून बघितली, पेन्सिली वाटून बघितल्या. सुम्मा. एवढीशी पोरं, पण ताकास तूर लागू देतील तर शपथ.

वसंताचं मत होतं की तुम्ही मुलांकडून आमची माहिती काढता आणि जूनमध्ये कुणाला ठेवायचं, कुणाला नारळ द्यायचा ते त्यावरून ठरवता. मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. एकदा तर मी तुम्हाला रंगेहाथ पकडलं. जिन्यात भेटलात आणि हसून म्हणालात, “काय सुनीता, इंगे बघा?” ‘इंगे’ म्हणजे इकडे, आणि ‘इंगे बघा’ हे माझं धेडगुजरी बोलणं फक्त वर्गात होतं, फळ्यापुढे, मुलांचं लक्ष नसलं की. स्टाफरूममध्ये मी ते कधी बोलले नाही. म्हणजे बातमी पोचत होती! मी तिथंच विचारलं, तुम्हाला हे कुणी सांगितलं? तर तुम्ही काय म्हणालात? सुम्मा.

आणखी एक होतं. काही दिवशी दाराआडून हसणं यायचं आणि काही दिवशी काहीच नाही. नुसती शांतता. आपल्या शाळेत एवढी शांतता परीक्षेतसुद्धा नसते. मला हसण्यापेक्षा त्या शांततेची जास्त भीती वाटायची. मी वसंताला म्हटलं, आज मुलांकडून काहीतरी लिहून घेताहेत बघ.

तुमच्या कॉफीवरही माझा भरवसा नव्हता, हे आज सांगून टाकते. तुमच्या खोलीतून स्टीलच्या पेला-वाटीत, फेसाळ, माझ्यासाठी मुद्दाम कमी साखरेची कॉफी आली, की मागोमाग काम आलंच समजायचं. स्पोर्ट्स डेची जबाबदारी, पालकांची सभा, कुणाच्या रजेतले तास. मी एक घोट घ्यायचे आणि विचारायचे, बोला, काय काम आहे? तुम्ही म्हणायचात, आधीं प्या तर. आणि काम असायचंच, बाई! एकदाही माझा अंदाज चुकला नाही. म्हणून मी म्हणते, माझ्या संशयाला जागा होती. आज तुम्ही नाहीत म्हणून मी तो मागे घेणार नाही.

दोन वर्षांपूर्वीचा तो माणूस आठवतो? मॅनेजमेंटला कुणीतरी सांगितलं की टीचर लोकांचा उत्साह वर्षाच्या मध्यात उतरतो, तेव्हा त्यांनी कोट घातलेला एक वक्ता पाठवला. आम्हाला फुगे फुगवायला लावले. फुग्यावर आपली भीती लिहा म्हणाला आणि फोडा. मग शेजारणीच्या डोळ्यांत बघून म्हणा, ‘तू ज्योत आहेस’. मी वसंताच्या डोळ्यांत बघितलं, तिनं माझ्या. दोघींनाही एकमेकींचा भरवसा नाही, कसली ज्योत आणि कसलं काय. तुम्ही पहिल्या रांगेत ताठ बसला होतात. संपल्यावर त्याला हार घातलात, गाडीपर्यंत सोडून आलात आणि परत येताना मला मराठीत म्हणालात, “ह्या माणसाला जूनांत बोलवायचें होतें. डिसेंबरांत टाळ्या वाजवा म्हटलें तर हात उठत नाहींत. डिसेंबरांत माणसाला कोणीं कांहीं सांगूंच नये. त्याच्या हातचें थोडें काढून घ्यावें, बस.” मी तेव्हाही मनात म्हटलं, हं, खडू काढून घ्यायला सबब बरी शोधलीत.

आणि माझा राजीनामा. तोही डिसेंबरच. आई सोलापुरात आजारी, इथे मुलाची दहावी, वर्गात माझं तमिळ ऐकून मुलं फिदीफिदी हसत होती आणि मला वाटलं, पुरे. तुमच्यासमोर उभी राहून सांगितलं, मी सोडते. तुम्ही डोकं वर न करता म्हणालात, “डिसेंबरांत कोणीं कांहीं ठरवायचें नाहीं, अम्मा. एप्रिलांत या. मी स्वतः टाइप करून देतें.” मी फणकाऱ्यानं म्हटलं, वर्षाच्या मध्यात तुम्हाला दुसरी गणिताची टीचर मिळणार नाही, म्हणून म्हणताय. तर तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, “होय. त्यासाठींच. खोटें कशाला बोलूं?” खोटं बोलला असतात तर मला भांडता आलं असतं. एप्रिल आला, मुलाचा पेपर संपला, आई उठून बसली, आणि मी तुमच्याकडे आले ती पुढच्या वर्षी आठवीचा वर्ग मागायला. तुम्ही टाइपरायटरवरचं कापड उचलून मला दाखवलंत. काय हसला होतात!

ते सगळं ठीक. पण ह्या नोव्हेंबरात मी ठरवलंच होतं. तुम्ही खडू घेतलात, घंटेनंतर परत दिलात, आणि मी तुमच्या मागोमाग ऑफिसात शिरले. म्हटलं, बाई, आज सोक्षमोक्ष. तुम्ही आमची तपासणी करता, की आम्हाला विश्रांती देता? एक काय ते सांगा. तुम्ही खुर्चीत बसलात, पदरानं मान पुसलीत आणि म्हणालात, “दोन्हीं नाहीं.”

मग काय?

तुमचं तोंड उघडलं होतं. खरंच सांगणार होतात. माझी खात्री आहे. तेवढ्यात फोन वाजला, दारात व्हॅनवाला उभा, त्याच्यामागे कुणाची तरी आई रडत आलेली. तुम्ही माझ्याकडे बघून हात हलवलात. “नंतर सांगतें.”

नाताळच्या सुट्टीत तुम्ही गेलात. झोपेत, म्हणाले. मला फोन आला तेव्हा पहिली दहा मिनिटं माझा त्यावरही विश्वास बसला नाही. मी फोन करणाऱ्यालाच झापलं.

तुमच्या घरी आले तेव्हा तुमची धाकटी बहीण माझा हात धरून बसली होती. तुमच्यासारखाच आवाज, तुमचीच ती जुनी मराठी. म्हणाली, “अक्का वर्षभर कपाळ धरून घरीं यायची. डिसेंबरांत मात्र चेहरा उजळ असायचा. आम्हीं विचारायचों, शाळेंत कांहीं विशेष कीं? तर म्हणायची, सुम्मा.” मी मान हलवली, पण मनात पाल चुकचुकली. सगळी शाळा डिसेंबरात मेल्यासारखी होते आणि एकट्या हेडमिस्ट्रेसचा चेहरा उजळ? बाई, आता तर मला नक्कीच कशाचा तरी वास येऊ लागला.

सुट्टी संपली, शाळा उघडली. सेक्रेटरी सरांनी मला बोलावून कॉफी दिली. घोट घेण्याआधीच मी विचारलं, काय काम आहे? वर्ष संपेपर्यंत तुमच्या खुर्चीत बसायचं, हे काम होतं. मी नाही म्हणणार होते. मग आठवलं, ह्या दिवसांत काही ठरवायचं नाही. आणि नाही म्हणणं हेसुद्धा ठरवणंच की. बसले.

तुमची खुर्ची, बाई, फार वाईट आहे. तिला पाठ आहे पण टेकता येत नाही. टेकावं तर दारात कुणीतरी. त्या खोलीला दार आहे हे खरं, पण ते लावलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. हेडमिस्ट्रेसचं दार उघडं हवं, हा तुमचाच नियम. सकाळी पाणी आलं नाही म्हणून आया उभी, मग पालक, मग मॅनेजमेंटचा फोन, मग कुणाच्या नाकातून रक्त, मग कुठल्याशा ऑफिसला आजच्या आज माहिती हवी. दुपारपर्यंत मी कुणाला काहीही शिकवलेलं नसायचं. घरी जायचे तेव्हा डोकं गच्च आणि हात रिकामे. नवरा म्हणाला, तू कपाळ धरून का बसतेस? मी हात खाली घेतला आणि मला तुमच्या बहिणीचं बोलणं आठवलं.

त्यात दिव्या. माझ्या गणिताच्या सहावीची वर्गशिक्षिका, इंग्रजी शिकवते, तुम्हीच निवडलेली. तुम्ही गेल्यापासून तिचं तोंड उतरलेलं होतं. परवा आली आणि म्हणाली, शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत धड्यांचे व्हिडिओ करायचं काम मिळतंय, एसी ऑफिस, शनिवार-रविवार सुट्टी, पोंगलनंतर जाते. ती गेली तर सहावीचा वर्ग वाऱ्यावर. आणि एक गेली की वसंताही निघेल, ती वाटच बघतेय. मी म्हटलं, आत्ता काही ठरवू नकोस, एप्रिलमध्ये ये, मी स्वतः टाइप करून देते. ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “वर्ग कोण घेणार म्हणून म्हणताय ना, मॅडम?”

तुमचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. “हो. त्यासाठीच. खोटं कशाला बोलू?”

ती निघून गेली. माझ्यावर चालली ती जादू तिच्यावर चालली नाही, असं वाटलं. तुमच्यासारखा चष्मा काढायला हवा होता, पण माझा तर फक्त वाचायचा, तेव्हा डोळ्यांवर नव्हताच.

दुसऱ्या दिवशी मला काय झालं सांगता येत नाही. फोन वाजत होता. मी तो वाजू दिला आणि उठून सरळ सहावीच्या दारात जाऊन उभी राहिले. दिव्या फळ्यावर लिहीत होती. मी हात पुढे केला. तळवा वर. म्हटलं, “खडू दे. जाऊन कॉफी पी.” त्या पोरीनं माझ्याकडे असं बघितलं, बाई, की मला कुणीतरी आरसा दाखवला असं वाटलं. खडू दिला, बाहेर गेली. मी दार लावलं आणि मागे वळले. आता ह्या पोरांचं काय करायचं, ते मला अजिबात माहीत नव्हतं.

वर्ग माझ्याकडे बघत होता. मग मागच्या बाकावरची दोन मुलं उठली आणि सरकून त्यांनी बाक रिकामा केला. न सांगता. मी विचारलं, हे काय? पहिल्या बाकावरची यामिनी, दोन वेण्यांची, धिटुकली, म्हणाली, “तुम्ही तिथे बसायचं ना, मिस? एच.एम. मॅडम तिथे बसायच्या.”

मी तिथे जाऊन बसले. काय करणार?

यामिनी म्हणाली, “आता तुम्ही म्हणायचं, आज मी शिकायला आले, मिस कोण होणार?” मी म्हटलं. साऱ्या वर्गाचे हात वर. मग मुलांनी नियम सांगितले: जो मिस होईल त्यानं त्या-त्या मिससारखंच शिकवायचं, आणि खरं शिकवायचं. मॅडम मागून शंका विचारायच्या आणि ती सुटेपर्यंत सोडायच्या नाहीत. त्या दिवशी यामिनीच मिस झाली. कोणती मिस होऊ, असं तिनं मला विचारलं आणि माझ्याकडे बघून गालात हसली. मी म्हटलं, हो तुला व्हायचं ते.

तिनं ओढणीचा पदर केला, कंपासमधली पट्टी हातात घेतली, फळ्यावर अपूर्णांक मांडला आणि गर्रकन मागे वळली. डोळे बारीक. “यारु पेसिनदु? कोण बोललं? मला माहितीये कोण बोललं!” मग एका पोराच्या बाकाखाली वाकून बघितलं, चोरून काही खाल्लं का म्हणून त्याच्या तळहाताचा वास घेतला, डोकं हलवलं, आणि फळ्यावर पट्टी आपटून ओरडली, “इंगे बघा!”

बाई, मी पोट धरून हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणजे असं होतं तर! जिन्यातलं ते ‘इंगे बघा’ असं आलं होतं तुमच्याकडे. मी इतकी वाईट आहे का हो? आणि त्या पोरीनं अपूर्णांक काय सुरेख समजावला! माझंच वाक्य, माझाच क्रम, पण माझ्यापेक्षा गोड. दाराबाहेर सावली हलली. दिव्या कॉफी प्यायला गेली नव्हती. खांबामागे उभी होती.

मी विचारलं, तुम्ही हे मिसना का सांगत नव्हता? मुलं म्हणाली, मॅडमनी सांगितलं होतं, मिसना कळलं तर त्या उद्यापासून जपून शिकवतील, मग मजा जाईल. बरोबर आहे. मी तर नक्कीच जपून शिकवलं असतं.

हसणं कळलं. पण ती शांतता? मी तेही विचारलं. मी काही सोडत नाही. वर्ग एकमेकांकडे बघायला लागला. शेवटी यामिनी हातातली पट्टी खाली ठेवून, स्वतःच्या आवाजात म्हणाली, “मिस, कधी कधी मॅडम झोपायच्या. पाय वर घेऊन, ह्याच बाकावर. आम्ही हळू आवाजात शिकवायचो. घंटेच्या आधी मी उठवायची.”

ह्या नोव्हेंबर-डिसेंबरात शांतताच जास्त होती, बाई. जवळजवळ रोज. मी खांबामागे उभी राहून मोजत होते आणि वसंताला सांगत होते, यंदा मुलांकडून बरंच काही लिहून घेताहेत.

घंटा झाली. दार उघडलं. मी दिव्याच्या हातावर खडू ठेवला आणि “छान वर्ग” म्हणून निघाले. मागून तिचा आवाज आला, मॅडमनी काय विचारलं? आणि सगळा वर्ग एका सुरात, “सुम्मा, मिस.”

जेवणाच्या सुट्टीत ती ऑफिसात आली. कंबरेवर हात. “मॅडम, इन्स्पेक्शन होतं का?” मी नाही म्हटलं. “मग आत काय चाललं होतं?” माझं तोंड उघडलं होतं. खरंच सांगणार होते. सांगितलं तर ती उद्यापासून खडू देईल, पण कीव करून देईल, आणि आत मुलं जपून हसतील. फोन वाजला. मी हात हलवला आणि म्हटलं, नंतर सांगते. ती म्हणाली, मला कळल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही, आणि पाय आपटत गेली. त्या कंपनीला तिनं एप्रिलनंतरचं कळवलंय असं वसंता म्हणते. वसंता म्हणते म्हणजे खरं की खोटं, ते बघू.

तर मी बरोबरच होते, बाई. तुम्ही आम्हाला विश्रांती देत नव्हतात. तुमचा स्वार्थ होता त्यात, हे मी पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं. फक्त तो एवढासा असेल असं वाटलं नव्हतं. सबंध शाळेत टेकायला तुम्हाला कुठल्या तरी वर्गातला मागचा बाक तेवढा मिळाला, आणि तोही कुणाकडून तरी तास मागून. शाळेला कळू द्यायचं नव्हतं, ते समजलं मला. पण मला सांगायला काय झालं होतं? आपल्याकडे आपली भाषा होती. भर स्टाफरूममध्ये सांगितलं असतंत तरी कुणाला कळलं नसतं, चिंच-गुळाचंच चाललंय असं वाटलं असतं त्यांना.

एकदा नुसतं म्हणायचंत, सुनीता, दमलें. मी खडू दिला असता, दार बाहेरून मीच लावून घेतलं असतं आणि खांबाजवळ राखणीला उभी राहिले असते. एक नाही, दोन तास झोपू दिलं असतं तुम्हाला.